उदबत्तीच्या काडीचा जकात नाका

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या तांदळावर जकात घेतली.

मी गोंदियाहून आलो होतो. खांद्यावर पिशवी, पिशवीत दोन कपडे, बापाचा कोयता आणि आईने फडक्यात बांधून दिलेले तांदूळ. मुळशीत पौडचा रस्ता सोडून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याला हा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. बांबूला इकडं कळक म्हणतात. तो कळक फोडून उदबत्तीच्या आतली काडी इथं काढायची, एवढंच काम. शेडपुढं फाटक नव्हतं. फाटकाच्या जागी एक आडवा कळक, त्याच्या बुडाला दगड बांधलेला, टोकाला दोरी, आणि दोरी धरून स्टुलावर बसलेला पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा.

"कुटनं आलास?"

"गोंदियाहून जी."

"पिशवीत काय?"

"तांदूळ हायेत जी. घरचे."

त्यांनी फडकं सोडलं, मूठभर तांदूळ नाकाशी नेले आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ उघडलेच नाहीत. मग ती मूठ सरळ स्वतःच्या खिशात रिकामी केली. "परमुलखाचा माल. मूठभर जकात," म्हणाले. माझ्या मनगटावर निळ्या शाईचा शिक्का उमटवला. त्यावर 'तपासले' असं होतं. दोरी सैल केली, दगड खाली गेला आणि कळक वर उचलला गेला.

मला वाटलं, हा इथला रखवालदार आहे आणि डोक्याने थोडा हललेला आहे. पहिलं साफ चूक निघालं. ते मालक होते. दुसऱ्याबद्दल गावात अजून दोन मतं आहेत.

गाव त्यांना नाकेदार म्हणायचं. शेडमधल्या बायका आण्णा म्हणायच्या, मीही तेच म्हणू लागलो. तरुणपणी ते शहराच्या हद्दीवर ठेकेदाराच्या जकात नाक्यावर होते. येणारा ट्रक थांबवायचा, ताडपत्री उचलायची, आत काय ते बघायचं, पावती फाडायची. पुढं सरकारने जकातच बंद केली आणि नाका गेला. "नाका गेला, पण माज्यातला नाकेदार कुटं जाणार?" ते म्हणायचे. म्हणून शेड उभी राहिली तेव्हा त्यांनी आधी नाका बांधला आणि पत्रे नंतर टाकले.

त्यांचा कायदा असा, की बाहेरच्या मुलखाची कुठलीही वस्तू आत नेताना जकात पडणार. पैसा घ्यायचा नाही, पैशाचं नाव काढलं तर चिडायचे. मोबाईल परदेशी असेल तर त्याची जकात म्हणजे माहेरची एक ताजी बातमी. डब्यात शेजारणीने दिलेल्या नूडल्स असतील तर 'परदेशी शेवया', जकात एक चमचा. नायलॉनची साडी असेल तर एक ओवी. आमच्या दहा बायकांपैकी आठ जणी नायलॉनमध्ये यायच्या. त्यामुळे सकाळी नाक्यावर जी ओव्यांची रांग लागायची, ती रस्त्याने जाणारे दूधवाले गाडी थांबवून ऐकायचे.

बायकांना ते नावाने कधी हाक मारत नसत. ज्या गावाहून ती लग्न होऊन आली, त्या माहेराचं नाव. रिहेकरीण, भुकूमकरीण, जांबेकरीण. "ट्रकवर बी माल कुटला ते आदी लिवत्यात, मालकाचं नाव मागनं," असं त्यांचं म्हणणं. मी त्या हिशेबाने गोंदियाकर झालो. शाळेत आठवीपर्यंत मला कुणी आडनावाने हाक मारली नव्हती, आणि आठवीनंतर शाळाच नव्हती. आता एकदम अख्खा जिल्हा माझ्या नावावर.

रिहेकरीण सगळ्यांत थोरली. तिची जीभ आमच्या कोयत्यापेक्षा धारदार. एकदा ती डब्यातली हिरवी मिरची हातात धरून नाक्यावर उभी राहिली. म्हणाली, "आण्णा, हिची जकात सांगा."

"मिरचीची? मिरची आपली."

"माज्या नातवाच्या पुस्तकात लिवलंय. मिरची, बटाटा, टमाटं समदं बोटीतनं आलंय. परदेशी हाय."

आण्णांनी पुस्तक मागवलं. नातवाला शाळेतून अर्ध्यात बोलावून धडा वाचून घेतला. ते खरंच होतं. मग ते तत्त्वाला धरून मिरची, बटाटा, टोमॅटो यांच्यावाचून जेवायला लागले. पहिल्या दिवशी ताठ होते. दुसऱ्या दिवशी पिठल्याकडं बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी घंटा वाजवून सगळ्यांना गोळा केलं आणि नवा कायदा सांगितला: "हितल्या मातीत रुजलं आणि हितल्या माणसाच्या कामाला आलं, की ते आपलं. मिरची आपली. जकात माफ." असं म्हणून रिहेकरणीच्या डब्यातल्या दोन मिरच्या कच्च्या खाल्ल्या. त्यांना ठसका लागला तो दुपारपर्यंत.

आणखी एक आपलं झालेलं होतं, ते म्हणजे काडी ओढायचं मशीन. ते चीनचं होतं. बुडाशी त्या लिपीतली पत्र्याची पट्टी होती. जुनंच, कुणाकडून तरी घेतलेलं. पण ते शेडमध्ये आलं कसं, हे मला पहिल्याच आठवड्यात पाच जणींनी सांगितलं. आण्णांनी उंबऱ्यावर पितळेचं माप तांदळाने भरून ठेवलं, नव्या सुनेसाठी ठेवतात तसं. मशीनखाली लोखंडी नळ्या सरकवल्या आणि चौघांनी ढकलत आणून मशीनच्या पुढच्या पायाने ते माप लवंडवलं. मग ताटात तांदूळ पसरून बोटाने त्यात नाव लिहिलं, मंगला. परदेशी पट्टीवर कुंकू. त्या दिवसापासून कुणी त्याला मशीन म्हटलं तर आण्णा रागवायचे. "सून म्हणा की."

आता इथं मला थोडं थांबून गंभीर व्हायला हवं. नाहीतर वाटेल, नुसता वेडेपणा होता.

मी येण्याआधी काही वर्षं हा कारखाना जवळजवळ बंद पडला होता. व्हिएतनामहून काडी यायला लागली. स्वस्त, सरळ, गुळगुळीत. आमच्या बायका घरी बसल्या. आण्णा तालुक्याला, जिल्ह्याला, जिथं टेबल दिसेल तिथं जाऊन बाहेरच्या काडीवर कर लावा म्हणून अर्ज देत सुटले. एकदा ती बाहेरची काडी किती वाईट असते ते दाखवायला त्यांनी तिचा एक गठ्ठा आणला. बायकांना समोर बसवून सोडला. एकही काडी वाकडी नव्हती. तेवढ्यात काड्यांच्या मधून एक केस निघाला. काळाभोर, हातभर लांब. रिहेकरणीने तो उजेडात धरला आणि म्हणाली, "आण्णा, बाईमाणूस हाय वो."

आण्णा मटकन खाली बसले म्हणे. त्यांना तोवर वाटत होतं, आपण एका देशाशी भांडतोय. त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात व्हिएतनामकरीण आली. "आज व्हिएतनामकरणीनं आपल्यापरीस दुप्पट काढली असंल, उठा." किंवा, "तिच्याकडं बी पाऊस असंल, तिची बी काडी वाळत नसंल." अर्ज देणं त्यांनी थांबवलं नाही. फक्त एक पाटी शेडमध्ये लावली. 'कर लावायचा. शिव्या द्यायच्या नाहीत.'

पुढं सरकारने बाहेरच्या काडीवर खरंच कर वाढवला. त्यांच्या अर्जांमुळे वाढवला असं आण्णा कधीच म्हणाले नाहीत, पण पेढे वाटले. त्याच दिवशी पुण्याहून आमची काडी घेणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या हाताखाली तीस बायका मशीनवर उदबत्त्या वळायच्या. आण्णांनी पेढ्यांचा पुडा पुढं केला.

"नाकेदार, तुमच्या दहा जणींचं काम वाचलं, आनंद आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या सहा जणी मात्र काल घरी बसवल्या. बाहेरची काडी परवडत नाही आणि तुमची इतकी ओबडधोबड, की मशीनमध्ये अडकते. त्या सहा जणींना मी काय सांगू? देशासाठी बसलात म्हणून सांगू?"

हे सगळं मला रिहेकरणीने सांगितलेलं. ती म्हणते, आण्णांच्या हातात अर्धा खाल्लेला पेढा होता, तो त्यांनी पुड्यात परत ठेवला. तीन दिवस नाका उघडा पडला होता. कुणी काय नेलं, काय आणलं, बघितलं नाही. चौथ्या दिवशी आले ते एवढंच म्हणाले, "कराच्या आडोशाला बसून वाकडी काडी विकायची, ही चोरी हाय. आपल्याला सरळ फोडणारा माणूस पायजे."

तो माणूस मी.

आमचं घर सुपं-टोपल्या विणणाऱ्यांचं. बांबूची पट्टी कागदासारखी सोलणं हे मला चालायला लागल्यावर लगेच शिकवलेलं. पण प्लास्टिकच्या टोपल्या आल्या आणि आमच्यासाठी कुठल्या नाक्यावर कुणी दोरी ओढली नाही. मी बाहेर पडलो. तीन ठिकाणांहून परत आलो होतो. एकीकडं शाळेचा दाखला मागितला, एकीकडं माझं बोलणं ऐकून हसले, एकीकडं 'लोकल पाहिजे' म्हणाले. चुलत्याच्या ओळखीने ही चौथी जागा. म्हणून मी पिशवी कधी सोडलीच नाही. कपडे काढायचे, घालायचे, धुऊन परत पिशवीत. पिशवी खिळ्यावर, कोयता पिशवीत. आण्णांनी "गोंदियाकर" अशी हाक मारली की माझा हात आधी खिळ्याकडं जायचा.

माझ्या बोलण्यावर इथंही हसले. "हिंदीवाला हाय का रं?" भुकूमकरणीने विचारलं.

"नाही जी. मी मराठीच आहो."

"मग मराठी बोल की."

"हे मराठीच होय जी."

ती विचारात पडली. मग तिने ठरवलं की ही मराठी जकात भरल्याशिवाय आत आलेली आहे, आणि जकात म्हणून मी रोज एक गोंदियाचा शब्द सांगायचा. महिनाभराने दहाही बायका एकमेकींना "का गं?"च्या जागी "काहून वो?" विचारायला लागल्या. आण्णांनी शेवटी त्यावर बंदी घातली. बंदी घालताना "बंद करा हे, काहून पण?" असं म्हणाले, तेव्हा ती उठलीच.

माझ्या पट्ट्यांवर मंगला खूश झाली. काडी सुईसारखी निघू लागली. पुण्याच्या बाईंच्या सहांपैकी चौघी कामावर परत आल्या. दोघी आल्या नाहीत, त्यांनी लोकांच्या घरची धुणी-भांडी धरली. चार आल्या म्हणून कुणी आनंद केला की आण्णा म्हणायचे, "अन् त्या दोगी?"

त्याच सुमारास आण्णांची मुलगी ओसरीत बसून जर्मन भाषा पाठ करायची. ती नर्स. एकुलती एक, आई नाही. तिला तिकडच्या दवाखान्यात काम मिळणार होतं, पण भाषेची परीक्षा द्यायची होती. डेर, डी, दास, असं दिवसभर. आण्णांना ते पटत नव्हतं. "तिकडच्या पोरी काय कामाला मेल्या का? तू त्यांची जागा घेणार व्हय?" म्हणायचे. ती म्हणायची, "आण्णा, त्यांना माणसं कमी पडत्यात. त्यांनीच बोलावलंय." त्यावर आण्णा म्हणायचे, "आदी बोलवत्यात, मग 'भाईरचं नको' म्हणून पाटी लावत्यात." पण तिची वही दोरीने बांधून दिली ती त्यांनीच. आणि ती गेली त्या सकाळी नाक्यावर कळक वर करून उभे राहिले, तो ती दिसेनाशी झाल्यावरही खाली केला नाही.

मग गावातल्या एका पोराने अर्ज दिला.

पोरगा तिशीचा, गावातल्या तरुणांचा पुढारी. वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. त्याच्या घराने जमीन विकली होती, त्या जमिनीवर इमारती झाल्या आणि त्या इमारतींत याला कुणी रखवालदार म्हणूनही घेतलं नव्हतं, कारण रखवालदारही बाहेरून ठेक्याने यायचे. तो सरळ नाक्यावर आला. मी आत पट्ट्या सोलत होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"आण्णा, तुमीच म्हणत आलाय, काम आपल्या माणसाला. आमी तेच म्हणतुया. ह्या गोंदियाकराच्या जागी गावातला घ्या. न्हाईतर ग्रामसभेत ठराव आणतो."

"आण," आण्णा म्हणाले. "मी पाठिंबा देतो."

माझा कोयता पट्टीतच थांबला. त्या दिवशी मी पिशवी खिळ्यावरून काढून पायाशी ठेवली, म्हणजे उठताना वेळ जाऊ नये.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. कारखान्याचं काम बंद ठेवून आण्णांनी आम्हा सगळ्यांना नेलं. मी पिशवी घेऊनच गेलो. सरपंचबाईंनी अर्ज वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'या गावात जन्मलेल्यांनाच गावातील कारखान्यात काम द्यावे.'

आण्णा उठले. टोपी नीट केली. "अर्ज एकदम बरोबर हाय. उद्यापासनं लागू. रिहेकरीण, तुझा जन्म कुटला?"

"रिह्याचा. नावातच हाय की."

"मग तू उद्या येऊ नगंस. भुकूमकरीण?"

"आण्णा, मी काय केलं?"

"तू भुकूमला जन्मलीस, ह्यो गुन्हा. जांबेकरीण, तू बी." असं करत त्यांनी दहाही जणींना काढून टाकलं. बारा वर्षं ते त्यांना माहेरच्या नावाने हाक मारत होते आणि बारा वर्षं सगळ्यांना ती गंमत वाटत होती. "आता या गावात जन्मलेल्या बाया कोण? हायेत की. एक माजी आत्या, जांब्याला दिलीया, नव्वदीची हाय, आणू उचलून. एक माजी पोरगी, जर्मनीत, तिला सांगतो दवाखाना सोड, काडी ओढ."

पटांगणात हसू फुटायला लागलं होतं. सरपंचबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "थांबा. माझं माहेर भोरचं. मग मी या खुर्चीवर कशी?"

"ते मी अर्जात न्हाई लिवलं," पुढारी घाईने म्हणाला.

"पुढच्या अर्जात लिहिणार असशील," सरपंचबाई म्हणाल्या. मग कुणाला आवरेना. एक म्हातारी हसताना ओट्यावरून घसरली, तिला दोघांनी धरलं.

पण पोरगा हुशार होता. हसणं ओसरेपर्यंत तो थांबला. "सुनांची गोष्ट येगळी, आण्णा. त्या लग्नानं आपल्या झाल्या. ह्यो कशानं झाला?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पिशवीकडं बघितलं. त्याचं म्हणणं मला पटलं होतं, हीच पंचाईत होती.

आण्णा या वेळी हसले नाहीत. "तुझं खरं हाय," म्हणाले. "तुमच्या पोरांना कुणी आत घेत न्हाई, ते बी खरं हाय. मी बी बाहेरच्या काडीवर कर लावा म्हणून वरडलो. तिकडं एक बाई हाय, तिचं काम माज्या अर्जानं गेलं असंल. तिला मी कंदी बघितली न्हाई, म्हणून मला ते जमलं. अजून बी मी म्हणतो कर असावा. पण ते वझं माज्या डोक्यावर हाय, ते मी उतरवत न्हाई. आता ह्यो पोरगा माज्या समूर हुबा हाय. ह्याच्या तोंडाकडं बघून मला दोरी ओढता येत न्हाई."

"मग आमी काय करायचं?"

"नाका म्हंजी भिंत न्हवं. नाका म्हंजी माल आत येऊ द्यायचा, जकात घ्यायची. ह्याची जकात मी आज लावतो. गावातलं जे कोण येईल त्याला ह्यानं पट्टी सोलायला शिकवायची. शिकला की काम. पुण्याच्या बाईंना आजच्या दुप्पट काडी पायजे, मी विचारलंय. आणि आपला कशानं झाला म्हणतोस, तर मंगला कशानं झाली?"

मग मागून रिहेकरीण म्हणाली, "माप ओलांडून."

"मशीन सून हुतंया, तर माणूस का न्हाई?" आण्णा म्हणाले.

पुढचं मी नीट सांगू शकत नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं. अख्खी ग्रामसभा कारखान्यावर आली. गर्दीच्या पायात येईल म्हणून बुडाचा दगड सोडून ठेवला आणि नाक्याचा कळक वर करून त्याला काठीचा टेकू दिला. खाली पितळेचं माप ठेवलं, रिह्याच्या खोऱ्यातला इंद्रायणी तांदूळ भरून. जांबेकरणीने माझ्या डोक्यावर तिच्या पदराचं टोक टाकलं. भुकूमकरीण म्हणाली, "नाव घे. नाव घेतल्याबिगर आत न्हाई."

"कोनाचं जी?"

"आता कुणाच्या घरात चाललास? त्यांचं."

मला उखाणा येत नव्हता. हातात पिशवी. समोर गाव उभं, आणि त्यात तो पुढारीही, हसू दाबत. जे तोंडात आलं ते म्हणालो:

"कळकाच्या काठीला असतात पेरं सात,
आण्णांचं नाव घेतो, ठेवा मला आत."

"आण्णा हे काय नाव झालं?" रिहेकरीण म्हणाली. "खरं घे."

मग मी त्यांचं खरं नाव घेतलं. ते इथं लिहीत नाही. मी ते एकदाच घेतलं आहे, आणि असं नाव उठता-बसता घेऊ नये.

माप उजव्या पायाने हळूच लवंडवायचं असतं. मला कुणी हळूच म्हणून सांगितलं नव्हतं. मी घाबरून जी लाथ मारली, ती गावाने अजून जपून ठेवली आहे. तांदूळ सरपंचबाईंच्या अंगावर, माप उडून टेकूच्या काठीवर. काठी निसटली आणि मी आत पाऊल टाकतो न टाकतो तोच माझ्या मागे कळक धाडकन खाली आला. पुढारी पलीकडं, मी अलीकडं.

"झालं," रिहेकरीण म्हणाली. "आता ह्याला बाहेर जायाला वाटच न्हाई."

आण्णांनी माझ्या मनगटावर शिक्का मारला. मंगलाकडं बोट दाखवून म्हणाले, "ती तुजी थोरली जाऊ. पाया पड." मी पडलो.

शिकायला सात जण आले. पाच पळाले. टिकले त्यांत एक तो पुढारी. सुरुवातीला बोटं कापून घ्यायचा आणि प्रत्येक वेळी माझ्याकडं अशा नजरेने बघायचा की ही गोंदियाचीच चाल आहे. आता माझ्याइतकीच बारीक पट्टी काढतो. मला सूनबाई म्हणतो. मी त्याला भाऊजी म्हणतो. सध्या तो सकाळी ओवीच्या रांगेत उभा असतो, कारण त्याचा शर्ट नायलॉनचा आहे.

आण्णा आता इथं नाहीत. घाबरू नका, जर्मनीला गेलेत, तीन महिन्यांसाठी. मुलीने तिकडं स्वतःचं भाड्याचं घर घेतलं. तिला दवाखान्यात कायम ठेवायचं की नाही, याचा कागद अजून यायचा आहे. तिकडचीही एक परीक्षा तिने दिली आहे. तिच्या बोलण्यावर तिकडंही हसतात म्हणे. आण्णांचा जीव त्या कागदात अडकला आहे. जाताना त्यांनी पिशवीत पितळेचं माप घेतलं आणि फडक्यात रिह्याचा इंद्रायणी. "पोरगी तिकडं नुसती दार उघडून आत गेली. असं न्हाई चालत," म्हणाले. नाक्याची दोरी माझ्या हातात दिली. शिक्काही दिला.

मला त्या रात्री झोप नव्हती. त्यांना परत पाठवतील, असंच वाटत होतं. मला तीनदा पाठवलेलं आहे, मला ते दुसरं काही सुचत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आम्ही सगळे मंगलाला बंद करून भोवती उभे राहिलो.

"पोचलो," आण्णा म्हणाले. आवाज अगदी तरुण येत होता. "गोंदियाकर, हितला नाका काय सांगू तुला. लई शिस्त. एका माणसानं माजी पिशवी उघडली, फडकं सोडलं, समदं बगितलं. हातमोजे घालून. मला रडू आलं बग. इतक्या वर्सांनी कुणी मन लावून तपासलं."

"मग जी?"

"तांदूळ ठेवून घेतलं. आत न्यायचं न्हाई म्हनला. मी म्हनलं, बरोबर हाय, पर वास तर घ्या. पोरीनं जर्मनीत सांगितलं त्याला. त्यानं घेतला वास."

"आणि माप? रिकामंच राहिलं?"

"रिकामं कशाला? पोरीनं दुकानातनं आणलं."

"कुठले तांदूळ जी?"

"हितलंच," आण्णा म्हणाले. "चाललं. पोरगी पाय लावताना लाजली बग." मग म्हणाले, "तुजी पिशवी कुटं हाय?"

मी खिळ्याकडं बघितलं. ती तिथं नव्हती. कपडे कधीपासून दोरीवरच असायचे, कोयता मंगलाशेजारी टेकलेला. भुकूमकरणीने तीत वाळलेल्या काड्यांचे गठ्ठे भरून पुण्याच्या बाईंकडं पाठवून दिली होती, दोन आठवडे झाले, आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.